आरएक्स १००: वाऱ्याच्या भरवशावरची गाडी

रविवारी पहाटे साडेपाचला कल्याण-शीळ रस्त्यावर दुधाचे टेम्पो आणि पेपरांचे गठ्ठे घेऊन निघालेली मुले सोडली, तर फारसे कोणी नसते. अशा वेळी लांबून एक आवाज येतो. बुलेटसारखा घुमणारा नाही आणि आजच्या स्कूटरसारखा दबकाही नाही. आधी नुसती तडतड, मग मूठ पिळली की वर वर चढत जाणारा ताणलेला सूर. टपरीवर चहा घेणारा माणूस मान न वळवताच सांगतो, ‘आरएक्स आली.’

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ च्या अखेरीस आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ती आजही पाळली जाते. ‘पाळली जाते’ हाच शब्द तिला शोभतो, कारण ही गाडी नुसती ठेवून चालत नाही. तिचे खाणेपिणे बघावे लागते, फिरवून आणावे लागते. पहाटेची वेळही हौसेपुरती निवडलेली नसते. या गाडीचे इंजिन वाऱ्याने थंड होते आणि या शहरांत सलग वारा मिळायची आता तेवढीच वेळ उरली आहे.

इंजिन दिसायला साधे आहे. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धावही ५० मिलिमीटर. हिशेब केला की ९८ सीसी होतात. एवढ्याशा भांड्यातून ११ अश्वशक्ती निघते आणि ती ओढायची असते सुमारे १०० किलोची गाडी. हलक्या अंगाला मिळालेला हा जोर हेच तिच्या प्रेमाचे मूळ कारण. चार गिअर, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, गोल हेडलाइट आणि भरपूर क्रोम. टाकीचे काळा, चेरी रेड आणि पीकॉक ब्लू हे रंग चाहत्यांना अजून नावानिशी पाठ असतात.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांतून एकदा होतो. म्हणून जोर चटकन मिळतो आणि उष्णताही पटापट साठते. ही उष्णता बाहेर टाकायला आरएक्सकडे रेडिएटर नाही, पाणी नाही, पंखाही नाही. सिलिंडर आणि हेडवर ॲल्युमिनियमच्या पातळ पाकळ्या आहेत. मेकॅनिक त्यांना फिन म्हणतात. गाडी धावते तेव्हा समोरचा वारा या पाकळ्यांमधून जातो आणि उष्णता घेऊन जातो. गाडी थांबली की वारा थांबला.

चेतकची गोष्ट वेगळी होती. १९७२ पासून आकुर्डीत तयार झालेल्या बजाजच्या या स्कूटरचे इंजिन पत्र्याखाली झाकलेले, म्हणून त्याच्या फ्लायव्हीलवरच पंखा बसवलेला. जगातली सर्वांत गाजलेली एअर-कूल्ड स्पोर्ट्स कार, पोर्शे ९११, हिच्याही मागच्या इंजिनावर मोठा पंखा असे. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसलेल्या या गाडीने १९९८ पर्यंत हवेवर काम भागवले, मग तिच्यातही पाणी आले. त्या जुन्या ९११ आज जगभर जपल्या जातात, त्याचे एक कारण त्यांचा कोरडा, धातूचा आवाज. पाण्याचे आवरण नसलेले इंजिन आपला आवाज लपवत नाही. डोंबिवलीच्या गल्लीत आरएक्स ओळखू येते तीही याच कारणाने.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जपानी तंत्राच्या १०० सीसी गाड्या भारतात एकापाठोपाठ एक आल्या. इंड-सुझुकीची एएक्स १००, हिरो होंडाची सीडी १००, एस्कॉर्ट्सने काढलेली यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी बजाजची केबी १००. त्याआधी एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाच्याच आरडी ३५० वर बेतलेली राजदूत ३५० आणली होती. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. ती गाडी काळाच्या पुढची होती आणि पेट्रोलही तसेच पीत होती. आरएक्सने त्या गाडीची चपळाई मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आणली. मायलेजच्या हिशेबात सीडी १०० जिंकली. पण पुलाच्या चढावर सीडीला मागे टाकणारी गाडी आरएक्स होती, हे त्या पिढीतल्या कोणालाही विचारा. कल्याण, भिवंडी, डोंबिवलीच्या पट्ट्यातल्या आगरी गावांत तर तिच्यावर विशेष जीव. हळदीच्या मांडवाबाहेर उभ्या गाड्यांत पुसून लखलखीत केलेली आरएक्स दिसली की भोवती चार जण जमतातच.

सुरुवातीच्या गाड्यांचे भाग जपानहून आले आणि इथे जोडले गेले. म्हणून ‘मेड इन जपान’ हे तीन शब्द कोरलेल्या सुट्या भागाला आजही वेगळा मान आहे. जुनी गाडी घेताना जाणकार आधी टाकीची चमक बघत नाही. तो वाकून इंजिन नंबर बघतो, तो ‘१एल१’ने सुरू होतो का ते तपासतो, चॅसिस नंबरावर बोट फिरवतो आणि दोन्ही आरसी बुकाशी ताडतो. चांगल्या गाडीला आज लाखाच्या पुढचा भाव सांगितला जातो. त्यामुळे चोरीच्या आणि नंबर खोडलेल्या गाड्याही बाजारात फिरतात.

आता देखभालीकडे जवळून बघू. सकाळी गाडी काढताना पेट्रोलचा कॉक उघडायचा, थंडी असेल तर चोक ओढायचा, इग्निशन बंद ठेवून किक दोनदा हलकेच दाबायची, मग चावी फिरवून एक पूर्ण किक. इंजिन लागले की लगेच मूठ पिळायची नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडरच्या आतला लायनर बिडाचा. ॲल्युमिनियम लवकर फुगते, बीड सावकाश. थंड इंजिनावर जोर लावला तर पिस्टन आधी फुगतो आणि लायनरला घासतो. याला गॅरेजच्या भाषेत ‘चिकटणे’ म्हणतात. एकदा चिकटले की खर्च ठरलेला: सिलिंडर लेथवाल्याकडे, बोअर पाव मिलिमीटर वाढवायचा, वरच्या मापाचा पिस्टन आणि रिंगा टाकायच्या. असे मोजकेच टप्पे असतात. ते संपले की नवा लायनर.

दुसरी नजर प्लगवर. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आल्यावर प्लग उघडून उन्हात धरायचा. टोक बिस्किटासारखे तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळे आणि ओले असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढरट दिसले तर धोका, म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे आणि इंजिन तापते आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे हे तपासणे आता अधिक गरजेचे झाले आहे. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, ते हवेतली ओल धरते आणि जुन्या कार्ब्युरेटरमधल्या रबरी भागांना ते मानवत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढून ठेवावे, हा अनुभवी मेकॅनिकचा पहिला सल्ला.

आरएक्समध्ये ऑइल पेट्रोलमध्ये घोळावे लागत नाही. बाजूच्या टाकीतून छोटा पंप ते मुठीच्या हिशेबाने इंजिनात सोडतो. हा पंप बिघडला आणि लक्षात आले नाही, तर काही किलोमीटरांतच इंजिन चिकटते. पावसाळ्यात फिनमध्ये चिखल बसतो, तो वाळला की वाऱ्याची वाट बंद. म्हणून रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक पाकळी साफ करायची. तीही इंजिन निवल्यावरच, तापल्या धातूवर पाणी मारायचे नाही. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधायचे, नाहीतर दिल्लीच्या करोलबागेतून मागवायचे.

मात्र सर्वांत अवघड आहे तो रस्ता. कल्याणचा जुना पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या काळात तिथल्या रांगेत उभे राहिलेल्यांना एअर-कूल्ड गाडीची घालमेल वेगळी सांगावी लागत नाही. शीळफाटा, माजिवडा, घोडबंदर रस्त्यावरचे गायमुख, कुठेही तेच. दहा मिनिटे पहिल्या गिअरमध्ये सरकत राहिलो की मांडीला धग लागते, आयडलिंग चढते, जोर ओसरतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन बंद करणे आणि दहा मिनिटे उभे राहणे हाच उपाय. म्हणून या गाड्या ऑफिसला जात नाहीत. त्या पहाटे मुरबाडमार्गे माळशेजकडे जातात, टिटवाळ्याला गणपतीला जातात, बदलापूरहून बारवी धरणापर्यंत जातात आणि रहदारी सुरू व्हायच्या आत घरी परततात.

तिच्या धुराचा मुद्दा टाळता येत नाही. टू-स्ट्रोकमध्ये थोडे पेट्रोल न जळताच बाहेर जाते आणि ऑइलही जळते. १९९६ ला उत्सर्जनाचे नियम कडक झाले तेव्हा आरएक्स १०० थांबली ती याच कारणाने, आणि तो निर्णय योग्य होता. एप्रिल २००० पूर्वीच्या टू-स्ट्रोक दुचाकींना पीयूसीत हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम इतकी सैल मर्यादा आहे. नीट जपलेली गाडी त्यात बसते. न जपलेली बसत नाही, आणि ती रस्त्यावर येऊही नये.

आवाजाचेही तसेच. सायलेन्सरचा पोकळ पोटाचा आकार मोजून केलेला असतो. बाहेर जाणारी दाबाची लाट त्यात आपटून परत येते आणि न जळलेले मिश्रण सिलिंडरमध्ये मागे लोटते. आतली जाळी काढली, नळी कापली की आवाज वाढतो आणि हे गणित बिघडते. वर दंड आहेच. कंपनीचा मूळ सायलेन्सर लावलेली गाडीच खरी जोरात पळते, हे प्रत्येक मालकाने लक्षात ठेवायला हवे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांपेक्षा जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. अट एकच मोठी: गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. पहिल्या आरएक्स १०० ला ५० वर्षे पूर्ण होतील २०३५ च्या अखेरीस. तोपर्यंत १५ वर्षांनंतरचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर वेळच्या वेळी भरत राहायचे.

तुमच्या इमारतीच्या जिन्याखाली वडिलांची किंवा काकांची आरएक्स प्लास्टिक झाकून उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आरसी बुक शोधा. मग किक दाबून बघा. पिस्टन हलत असेल तर गाडी जिवंत आहे.