समलिंगी संबंध : धर्मपरंपरा आणि बुद्धिवाद

प्रौढ समलिंगी व्यक्तींमधील संमतीचे संबंध दंडनीय असावेत काय आणि त्यांच्या सहजीवनास विवाहाचा दर्जा द्यावा काय, यांविषयीचा वाद. हा श्रद्धा व बुद्धी यांतील सरळ सामना होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास तिला फारसा दुजोरा देत नाही.

ख्रिस्ती परंपरेतील निषेधास बायबलमधील वचनांचा आधार असला, तरी त्याची तात्त्विक मांडणी सेंट टॉमस अक्वाय्नस (सु. १२२५–७४) याने बुद्धिगम्य अशा निसर्गनियमावर केली : प्रजननाशी विसंगत असलेला संभोग निसर्गाविरुद्ध होय. इंग्लंडमध्ये १५३३ च्या अधिनियमाने हा अपराध धर्मन्यायालयांकडून काढून राजाच्या न्यायालयांकडे सोपविला व त्यास देहान्ताची शिक्षा ठेवली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ मध्ये ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोग असा शब्दप्रयोग आला. या संहितेच्या १८३७ च्या मसुद्यात मेकॉलेने इतर तरतुदींची कारणमीमांसा विस्ताराने केली आहे. या विषयावर मात्र शक्य तितके कमी बोलणे इष्ट मानून ती टाळली. वस्तुतः जेरेमी बेंथॅमने सु. १७८५ मध्येच, अशा कृत्याने कोणास इजा होते, या निकषावर शिक्षा निराधार ठरविली होती. पण तो निबंध १९७८ पर्यंत अप्रकाशितच राहिला.

मनुस्मृतीत पुरुषांच्या अशा कृत्याची गणना एके ठिकाणी जातिभ्रंशकर पापांत केली असून दुसरीकडे सचैल स्नानाचे प्रायश्चित्त सांगितले आहे. कन्येस दूषित करणाऱ्या स्त्रीला मात्र कठोर दंड आहे. तेव्हा कलम ३७७ मधील आजन्म कारावासाची तरतूद म्हणजे भारतीय परंपरा, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी समाजस्वास्थ्य मासिकातून (१९२७–५३) लैंगिक प्रश्नांची बुद्धिवादी चर्चा केली. वाचकांच्या अशा प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तीत यश आले नाही.

या वादाचे सर्वांत सखोल विवेचन ब्रिटनमध्ये झाले. वुल्फेंडन समितीने १९५७ मध्ये प्रौढ पुरुषांमधील खाजगी व संमतीचे संबंध दंडमुक्त करावेत, अशी शिफारस केली. लक्षणीय गोष्ट ही, की पाप आणि गुन्हा यांतील तिने केलेला भेद कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर यांना मान्य होता. विरोध केला तो न्यायाधीश पॅट्रिक डेव्हलिन यांनी (१९५९) आणि तोही ईश्वरी आज्ञेचा आधार न घेता. समाज समान नीतिकल्पनांनी बांधलेला असतो, त्या सैल झाल्यास तो विघटित होतो व सामान्य माणसाची तीव्र घृणा हीच त्यांची खूण, असे त्यांचे प्रतिपादन होते. एच्. एल्. ए. हार्ट यांनी यास पुरावा मागितला (१९६३). समलिंगी संबंधांमुळे भूकंप होतात, या सम्राट जस्टिनियनच्या समजुतीहून डेव्हलिन यांच्या विधानाला अधिक आधार नाही, असा त्यांचा टोला होता. १९६७ मध्ये इंग्लंड व वेल्सपुरता कायदा बदलला.

भारतात हाच प्रश्न संविधानाच्या भाषेत उभा राहिला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आंबेडकरांच्या ‘संवैधानिक नीतिमत्ता’ या संकल्पनेचा आधार घेऊन कलम ३७७ चा अशा संबंधांपुरता अंमल रद्द केला. त्याविरुद्ध अपील करणाऱ्यांत ख्रिस्ती व मुस्लिम संघटना एकत्र होत्या. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय २०१३ मध्ये फिरविला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने पुनःस्थापित केला. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलमच नाही.

विवाहाचा प्रश्न अधिक बिकट आहे. कारण तेथे केवळ शिक्षेपासून मुक्तता नव्हे, तर मान्यता मागितली जाते. नेदर्लंड्सने ती प्रथम २००१ मध्ये दिली. इंग्लंड व वेल्समधील २०१३ च्या अधिनियमाने अँग्लिकन चर्चला असे विवाह लावण्यापासून वगळले, तर क्वेकर पंथाला त्याच्याच इच्छेनुसार मोकळीक मिळाली. भारतात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, व्यक्तिगत धर्मकायद्यांना हात न लावता १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमापुरता विचार करून, विवाहाचा मूलभूत हक्क नाही व हा विषय विधिमंडळाचा आहे, असे ठरविले. नागरी सहजीवनाच्या हक्काबाबत मात्र न्यायाधीशांत तीन विरुद्ध दोन असा मतभेद झाला.