घुमटाखाली शब्द का विरघळतो?

नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूप तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. 2001 साली खुल्या झालेल्या या स्तूपाची उंची व व्यास प्रत्येकी सुमारे 120 फूट. सांचीचा स्तूप भरीव आहे. हा मात्र आतून पोकळ. प्रशस्त घुमट आणि दगडी पृष्ठभाग असलेल्या कोणत्याही वास्तूत एक प्रश्न उभा राहतो : आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. असे का?

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. समजा, छत 25 मीटर उंच आहे. वर जाऊन परतणारा आवाज 50 मीटर चालतो. त्याला सुमारे एक सप्तमांश सेकंद लागतो. तोवर वक्ता पुढच्या अक्षरावर गेलेला असतो. गुळगुळीत दगड ध्वनीचा शेकडा एकदोन भागच शोषतो. उरलेला पुनःपुन्हा परावर्तित होतो. या रेंगाळणाऱ्या आवाजाला निनाद म्हणतात. शिवाय अंतर्गोल घुमट आरशाप्रमाणे ध्वनी एकवटतो.

1895 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात हीच तक्रार होती. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने रात्रीच्या शांततेत तेथे गाद्या मांडून निनाद किती कमी होतो, ते मोजले. त्यातून सोपे सूत्र मिळाले : घनफळाला एकूण शोषणाने भागा व 0.16 ने गुणा.

10,000 घनमीटरच्या दालनाचे शोषण 200 चौरस मीटर असेल, तर निनाद 8 सेकंद टिकेल. आता 400 माणसे येऊन बसली. प्रत्येकाचे शोषण अर्धा चौरस मीटर धरले, तर एकूण शोषण 400 होईल आणि निनाद 4 सेकंदांवर येईल!

मग कर्णा मोठा केला तर? उपयोग नाही, शब्दाबरोबर निनादही तेवढाच वाढतो. त्याऐवजी छताला व भिंतींना सच्छिद्र तक्ते लावावेत, सतरंज्या अंथराव्यात, श्रोत्यांजवळ अनेक लहान कर्णे हळू आवाजात ठेवावेत आणि सावकाश बोलावे. गर्दीत हरवलेल्या मुलाचे नाव किंवा धोक्याची सूचना स्पष्ट कळणे किती महत्त्वाचे असते!

करून पाहा : शाळेचे सभागृह रिकामे असताना एक टाळी वाजवा. मग मुले बसल्यावर सर्वांना गप्प करून पुन्हा वाजवा. फरक तुमचे कानच सांगतील.