ओढ्याची वही



आपला अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, पावसाच्या बाबतीत फारसा नशीबवान नाही. अकोल्याचा डोंगराळ भाग सोडला, तर बहुतेक तालुके पर्जन्यछायेत येतात. म्हणूनच पाण्याची कामे येथे नेटाने झाली. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार येथील श्रमदान सर्वांना ठाऊक आहे. पण हिवरे बाजारने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे पाहुण्यांचे लक्ष कमी जाते. तेथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात आणि दरसाल गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसांचे व गुरांचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरेल त्यावर पिके ठरवायची. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. हा हिशेब तिसरी-चौथीच्या मुलालाही करता येतो.

पाणी किती, हे असे कळते. पण पाणी कसे आहे? त्यासाठी गावच्या ओढ्याकडे जावे लागेल.

आपल्याकडे पुष्कळ गावांची पिण्याची विहीर ओढ्याच्या काठीच असते. ओढ्याचे पाणी जमिनीतून तिच्यात झिरपते. तेव्हा ओढा बिघडला, की पाठोपाठ विहीर बिघडते. उसाला आपण युरिया घालतो. पिकाने न घेतलेला त्याचा अंश नायट्रेट होऊन पाण्यात उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे आपले भारतीय मानक सांगते. ते फार वाढले आणि त्या पाण्यात कालवलेले दूध तान्ह्या मुलाला पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते, अंग निळसर पडते. आणि बरं का, पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते! डोळ्यांना हे पाणी नितळच दिसते. म्हणून तपासणी हवी.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. तपासणीची पेटी आपल्या गावात आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. तीत जंतूंसाठी एक लहान बाटली असते. तिच्यात पाणी भरून ठेवले आणि एक-दोन दिवसांत ते काळे पडले, तर पाण्यात मैल्याचे जंतू शिरले असल्याचा संशय घ्यावा. असे पाणी पिण्यास बंद करून नमुना प्रयोगशाळेत धाडावा.

परंतु पेटी सांगते ती त्या घटकेची गोष्ट. रात्री कोणी वरच्या अंगाला घाण सोडली, तर सकाळपर्यंत ती वाहून जाते. मागे काय घडले, याची साक्ष ओढ्यातले जीव देतात, कारण ते आठवडेच्या आठवडे तेथेच राहतात. वाहत्या पाण्यातला दगड उचलून पांढऱ्या ताटलीत धुवा. चपट्या अंगाची, मागे केसांसारख्या दोन-तीन शेपट्या असलेली अळी दिसली, तर पाणी चांगले समजावे. ती घाण सोसत नाही. त्याऐवजी चिखलात नुसत्या लालभडक अळ्या वळवळत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. त्यांचा रंग लाल का? आपल्या रक्तात असते तसेच तांबडे द्रव्य त्यांच्या अंगात असते, आणि ते थोडासा प्राणवायूही धरून ठेवते. दक्षिण आफ्रिकेत शाळकरी मुले असेच जीव ओळखून नदीला गुण देतात.

पक्ष्यांचेही तसेच. पक्षी पुष्कळ आहेत म्हणून पाणी चांगले, असे समजू नये. कोणते आहेत ते पाहावे. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या गटारी पाण्यावरही मजेत चरतो. बुडी मारून मासे धरणाऱ्या छोट्या खंड्याला मात्र मासे असलेले आणि ते दिसतील असे पाणी लागते.

आता रीत सांगतो. तीन जागा ठरवा : गावाच्या वर, गावाजवळ आणि गावाच्या खाली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, ठरल्या वेळी, तेथे जा. वहीत तारीख, वेळ, पाण्याची खोली, रंग, वास आणि दिसलेले जीव लिहा. ओढा आटला असेल, तर ‘कोरडा’ असे लिहा. पान मोकळे सोडू नका. पाऊस थांबल्यावर ओढा वाहतो तो जमिनीत मुरलेल्या पाण्यावर. सारख्याच पावसाच्या दोन वर्षांत तो यंदा महिनाभर आधी आटला, तर जमिनीतला उपसा वाढला की काय, हे तपासलेच पाहिजे. पुरात कोणी उतरू नये, दगड पुन्हा होता तसा ठेवावा, हात साबणाने धुवावेत.

कोणी म्हणेल, हे सरकारचे काम नव्हे काय? आहे, पण प्रत्येक ओढ्यावर महिन्याच्या महिन्याला सरकारी माणूस कोठून येणार? शिवाय ‘पाणी घाण झाले’ ही झाली नुसती कुरकुर. ‘अमुक तारखेपर्यंत गावाच्या वर आणि खाली सारखेच जीव होते, त्यानंतर खालचे नाहीसे झाले’ हा झाला पुरावा. तो घेऊन ग्रामसभेत उभे राहता येते, प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहिता येते.

गुरुजी, आरंभाला पक्षी सप्ताह बरा. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून आपल्या राज्यात तो ५ ते १२ नोव्हेंबर असा पाळतात. तेव्हा ओढ्याला बहुधा पाणीही असते. चार मुले, एक ताटली, एक काठी आणि एक वही एवढे भांडवल पुरे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तिची पहिली पाने मुलांनाच वाचू द्या.