अपडेटनंतरचा लॅपटॉप

जबलपूरहून शहपुरा-डिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम हे तहसिलीचे गाव लागते. आसपासची वस्ती बव्हंशी गोंड समाजाची. जबलपुरावर 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, त्यामुळे तिकडे मराठी घरे आढळली तर नवल वाटू नये. अशाच एका घरातील माझी आतेबहीण कुंडमच्या बाजूला एका शाळेत शिकवते. एके दिवशी सकाळी सातच्या सुमारास तिचा दूरध्वनी आला. “दादा, रात्री हा अपडेट होतो म्हणाला म्हणून तसाच ठेवला. आता निळा पडदा दाखवून अठ्ठेचाळीस आकडे मागतो आहे. कुठले आकडे रे?”

मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांची सारी माहिती त्या लॅपटॉपमध्ये होती, आणि अर्जांची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी संपणार होती. त्या आकड्यांकडे मी पुढे येतोच. पण अपडेटनंतर बिघडणारे सगळेच लॅपटॉप इतके हट्टाला पेटत नाहीत. बहुतेकांचा आजार साधा असतो, आणि तो ओळखता आला तर दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

मुळात हा अपडेट म्हणजे काय? कार्यप्रणाली ही संगणकाच्या वाड्यातील कारभारी आहे, असे समजा. पडदा, कळफलक, ध्वनी, वायफाय यांपैकी कोणाशीही काम असले तरी ते तिच्यामार्फतच व्हावयाचे. मात्र या प्रत्येक अवयवाची बोली निराळी असते, आणि म्हणून मध्ये एकेक दुभाषा लागतो. या दुभाष्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. बहिणीच्या वर्गात हा प्रकार रोजचाच आहे. एखाद्या मुलाच्या आजीच्या तोंडी गोंडी, पुस्तकात हिंदी आणि बाईंच्या घरी मराठी! मधला समजावून सांगणारा गप्प बसला की दोन्हीकडची माणसे धडधाकट असूनही व्यवहार थांबतो. अपडेटने कारभारी बदलतो, कधी दुभाषाही बदलतो, आणि दोघांचे जमले नाही की वायफाय नाहीसे होते, आवाज बसतो किंवा पडदा लुकलुकू लागतो. यंत्राचा भाग जळालेला नसतो. हे ध्यानात ठेवले तर निम्मी धास्ती तेथेच सरते.

“मग अपडेट करूच नये का?” असे पुष्कळ जण विचारतात. मायक्रोसॉफ्ट आपल्या विंडोज प्रणालीतील सुरक्षेची भगदाडे बुजवण्याचे काम 2003 पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नेमाने करीत आली आहे. भगदाड बुजले की ते कोठे होते हेही जगजाहीर होते. म्हणून न बुजवलेल्या घराला धोका उलट वाढतो. विंडोज 10 ची नेहमीची मोफत डागडुजी 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली, आणि त्यामुळे जुन्या यंत्रांवर नवी प्रणाली चढवण्याची घाई अनेक घरांत झाली. अपडेट टाळणे हा उपाय नव्हे. दोनचार दिवस पुढे ढकलणे मात्र शहाणपणाचे, विशेषतः अंगावर एखादे मुदतीचे काम असताना. तशी सोय प्रणालीतच ठेवलेली आहे.

अपडेटनंतर लॅपटॉप मंद झाला, पंखा घोंघावू लागला, बॅटरी लवकर उतरू लागली, तर पहिला दिवस काहीच करू नका. नवी प्रणाली आल्यावर ती सगळ्या धारिकांची शोधसूची पुन्हा तयार करते, आणि ते काम पडद्यामागे तासन् तास चालते. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवावा, एवढेच. त्यानंतर तो ‘रीस्टार्ट’ करावा. येथे एक गंमत आहे. पुष्कळ विंडोज यंत्रांत ‘शट डाउन’ केल्याने यंत्र पुरते झोपी जातच नाही. लवकर उठता यावे म्हणून प्रणाली आपल्या गाभ्याची अवस्था जपून ठेवते आणि सकाळी तीच पुन्हा उघडते. कालचा गोंधळही तिच्याबरोबर आपसूक येतो. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सारे नव्याने मांडले जाते. दहा वेळा बंद-चालू करून जे सुटले नाही ते एका रीस्टार्टने सुटते, ते यामुळे.

एवढ्याने वायफाय परतले नाही तर दुभाष्याकडे वळावे. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडले की यंत्राच्या अवयवांची यादी दिसते. ज्याच्यापुढे पिवळे चिन्ह असेल तो रुसलेला. त्याच्या गुणधर्मांत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ नावाचे बटण असते, ते जुन्या दुभाष्याला परत बोलावते. जुना उपलब्धच नसेल तर हे बटण फिके दिसते. मग लॅपटॉपच्या पाठीवरील मॉडेल क्रमांक पाहून निर्मात्याच्या संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर घ्यावा लागतो. “वायफायच नाही तर घ्यायचा कसा?” हा प्रश्न रास्त आहे. भ्रमणध्वनी यूएसबीच्या तारेने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला देता येते, आणि त्यासाठी वायफायची मुळीच गरज लागत नाही. भ्रमणध्वनीच्या डेटावरच काम चालवणाऱ्यांनी ती जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवावी. त्यामुळे बहुतेक मोठे अपडेट आपण होऊन उतरत नाहीत आणि महिन्याचा डेटा एका रात्रीत संपत नाही.

नवी आवृत्तीच जाचक ठरली तर मागे फिरण्याची वाट असते, पण ती फार काळ उघडी राहत नाही. मोठ्या आवृत्तीबदलानंतर जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या कप्प्यात साधारणपणे दहा दिवस ठेवलेली असते, आणि तोवर सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’तून परत जाता येते. जागा अडते म्हणून हा कप्पा उत्साहाने पुसून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ते आपल्याच हाताने पूल तोडतात.

यंत्र सुरूच होत नसेल तर काय? सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोनतीनदा फसला की विंडोज आपण होऊन दुरुस्तीच्या दालनात जाते. तेथून शेवटचा अपडेट काढून टाकता येतो, किंवा ‘सेफ मोड’ या अगदी मोजक्या दुभाष्यांवर चालणाऱ्या अवस्थेत शिरता येते. परंतु दालनाचीही कधी दुर्दशा होते. ऑक्टोबर 2025 मधील एका विंडोज 11 अपडेटनंतर नेमक्या या दालनातच यूएसबीचे कळफलक आणि माऊस निकामी झाले होते. औषधाच्या कपाटाची किल्ली कपाटातच राहावी, तसा प्रकार! मायक्रोसॉफ्टला त्या महिन्याच्या 20 तारखेस घाईने दुसरा अपडेट काढावा लागला.

आता ते अठ्ठेचाळीस आकडे. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपांत साठवणीवरील मजकूर कूटलिपीत ठेवलेला असतो, म्हणजे लॅपटॉप चोरीस गेला तरी आतले काही वाचता येऊ नये. किल्ली यंत्रातील एका चिपेच्या स्वाधीन असते. यंत्र सुरू होताना प्रत्येक पायरी ओळखीची आहे की नाही हे पाहून मगच ती चिप किल्ली देते. अपडेटने यंत्राच्या मूळ आज्ञावलीत, म्हणजे फर्मवेअरमध्ये, बदल केला की पायऱ्या अनोळखी वाटतात, चिप घरच्या धन्यालाही चोर समजते, आणि राखीव किल्ली मागते. जुलै 2024 मध्येही एका विंडोज अपडेटनंतर अनेक यंत्रांनी अशीच मागणी केली होती. ही किल्ली चुकवून आत जाण्याचा मार्ग नाही. “मी पाच मिनिटांत उघडून देतो” असे सांगणारा कारागीर बहुधा सारे पुसून नवी प्रणाली भरून देणार असतो, हे आधीच ओळखावे.

किल्ली सापडते कोठे? लॅपटॉप प्रथम सुरू करताना जे मायक्रोसॉफ्ट खाते वापरले, बहुतेक वेळा त्यात. दुसऱ्या यंत्रावरून किंवा भ्रमणध्वनीवरून त्या खात्यात शिरावे, आणि निळ्या पडद्यावरील ओळखक्रमांकाची पहिली आठ अक्षरे तेथल्या नोंदीशी जुळवावीत. बहिणीच्या खात्यात अशी नोंदच नव्हती. दुपारचा दीड वाजेपर्यंत आम्ही तिची दोन जुनी खाती धुंडाळली. मग मी विचारले, “लॅपटॉप पहिल्यांदा सुरू कोणी केला?” ती क्षणभर थांबून म्हणाली, “दुकानातल्या मुलाने. मी फक्त नाव सांगितलं.” त्या मुलाने सोयीसाठी आपलेच खाते घातले होते. हे अनेक ठिकाणी घडते, आणि घराच्या कुलपाची किल्ली परक्याच्या खिशात राहिली आहे याचा पत्ता वर्षानुवर्षे कोणाला नसतो.

सुदैवाने तो मुलगा जबलपुरात भेटला आणि खाते शाबूत होते. त्याने आकडे दूरध्वनीवरून सांगितले, बहिणीने वहीत उतरवून घेतले. ते सहा-सहाच्या आठ गटांत असतात, आणि प्रत्येक गटाला 11 ने निःशेष भाग जातो. ही योजना मुद्दाम केलेली आहे. एखादा आकडा चुकला तर त्या गटापाशीच यंत्र हटकते, सगळे संपल्यावर नव्हे. तिसऱ्या गटात तिने 6 च्या जागी 9 लिहिला होता, तो तेथेच सापडला.

हीच अडचण फार मोठ्या प्रमाणावर जगाने 19 जुलै 2024 रोजी अनुभवली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-आज्ञावलीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे बंद पडली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. सदोष धारिका पुसणे हे मिनिटाचे काम होते, पण त्यासाठी बहुधा प्रत्येक यंत्रापाशी माणूस जावा लागला, आणि कित्येकांपुढे पहिला अडसर त्या अठ्ठेचाळीस आकड्यांचाच होता.

आणि नक्कल? ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 चा एक मोठा अपडेट मायक्रोसॉफ्टने चार दिवसांत रोखला, कारण काही लोकांची कागदपत्रे आणि छायाचित्रे त्याने पुसली होती. तेव्हापासून मी अपडेटच्या आदल्या दिवशी महत्त्वाचे सर्व काही बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतो. बहिणीजवळ अशी नक्कल असती तर तिने त्या दिवशी शेजारच्या शिक्षकांच्या लॅपटॉपवरून अर्ज सकाळीच पाठवले असते.

शेवटचा अर्ज पावणेपाचला गेला. त्याच संध्याकाळी तिने लॅपटॉप स्वतःच्या खात्याशी जोडला आणि राखीव किल्लीची नोंद तेथे उमटल्याची खात्री करून घेतली. आकड्यांचे ते पान आता शिधापत्रिकेबरोबर लोखंडी कपाटात आहे.