मालवाहू गाडीचे टायर : आधी भार पाहा, मग भाव

पिकअप किंवा ‘छोटा हत्ती’ चालवून घर चालवणाऱ्यांसाठी टायर हा डिझेलनंतरचा मोठा खर्च आहे. डिझेलचे पैसे रोज थोडे थोडे जातात, टायरचे मात्र एकदम द्यावे लागतात. हाताशी रक्कम नसली की माणूस स्वस्तातला टायर घेतो किंवा उसने काढतो. दोन्हीत तोटा आहे.

उदाहरणासाठी झाशी जिल्ह्यातील मऊरानीपुर घेऊ. हा भाग हातमाग-यंत्रमागाच्या कापडासाठी ओळखला जातो आणि शेजारच्या रानीपूरचे टेरीकॉट प्रसिद्ध आहे. इथून झाशी सुमारे ६५ किलोमीटर. समजा, एक गाडीवाला कापडाचे गठ्ठे घेऊन महिन्यात २५ वेळा झाशीला जाऊन येतो. म्हणजे महिन्याला ३,२५० किलोमीटर झाले. बुंदेलखंडचा उन्हाळा कडक असतो. भरलेली गाडी, तापलेला रस्ता आणि कमी हवा हे तिन्ही एकत्र आले की टायर आतून तापतो आणि फुटू शकतो.

टायर किती भार पेलतो?

टायरच्या बाजूवर मापाशेजारी एक आकडा असतो, त्याला लोड इंडेक्स म्हणतात. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो आणि १०८ म्हणजे १,००० किलो. १०८/१०६ असे दोन आकडे असतील, तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो.

गाडी नेहमीसारखी भरा आणि फक्त मागची चाके वजनकाट्यावर घ्या. समजा, १,९०० किलो भरले. मागे दोनच चाके असतील तर एका टायरवर ९५० किलो येतात. इथे १०४ चा टायर कमी पडेल, १०८ चा हवा. तेच माप असलेला कारचा टायर रिमवर बसतो आणि स्वस्तही मिळतो, पण तो हा भार पेलण्यासाठी बनवलेला नसतो.

टायर मोठा घेतला म्हणून जास्त माल भरता येत नाही. मर्यादा आरसी बुकात लिहिलेल्या एकूण वजनाचीच राहते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा मालासाठी २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनाला आणखी २,००० रुपये, अशी तरतूद आहे.

स्वस्त कोणता?

पुढील आकडे हिशेब समजण्यासाठी आहेत. आपल्या गावचा भाव आणि आपला अनुभव घालून हाच हिशेब करा.

पहिला टायर : किंमत ४,००० रुपये, चालतो २५,००० किलोमीटर. किलोमीटरला १६ पैसे.
दुसरा टायर : किंमत ५,२०० रुपये, चालतो ४०,००० किलोमीटर. किलोमीटरला १३ पैसे.

चार टायरचे पहिल्यात ६४ पैसे होतात, दुसऱ्यात ५२ पैसे. ३,२५० किलोमीटरला महिन्याचा खर्च अनुक्रमे २,०८० आणि १,६९० रुपये. दुकानात महाग वाटलेला टायर महिन्याला ३९० रुपये वाचवतो.

पैसे आधीच जमवा

दुसरा टायर या गाडीला साधारण वर्षभर पुरेल. चार टायरना २०,८०० रुपये लागतील. बँकेत १२ महिन्यांची आवर्ती ठेव काढून दरमहा १,७०० रुपये भरले, तर २०,४०० रुपये मुद्दल जमते, वर व्याज. टायर बदलायच्या वेळी रक्कम तयार असते. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. त्यामुळे या कामासाठी बँकेची ठेव सोयीची.

भाडे ठरवताना किलोमीटरमागचा टायरचा खर्चही धरा. तो धरला नाही, तर नफा समजून आपण टायरचेच पैसे खर्च करत असतो.

खरेदी करताना आणि नंतर

- आयएसआय चिन्ह पाहा. पक्के बिल घ्या आणि त्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्या. वॉरंटी मागताना बिल लागते.
- शेवटचे चार आकडे तारीख सांगतात. २६२४ म्हणजे २०२४ चा २६ वा आठवडा. फार जुना साठा घेऊ नका.
- एका अॅक्सलवर एकाच मापाचे, एकाच प्रकारचे टायर ठेवा. पुढे रिट्रेड टायर बसवू नका.
- हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. कंपनीने भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा पाळा. हवा कमी असेल तर टायर लवकर झिजतो आणि डिझेलही जास्त लागते.
- नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदला. खाचेतली उंच खूण नक्षीच्या पातळीला आली, म्हणजे ती वेळ झाली.

आज गाडीचे मीटर वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी टायर बदलाल तेव्हा किलोमीटरला किती पैसे पडले, ते तुमच्याच वहीतून कळेल.