हातालाही दृष्टी असते

समोरचा कप उचलणे ही किती साधी कृती! पण हात कपापाशी पोहोचण्यापूर्वीच बोटे उघडू लागतात, वाटेत वस्तूच्या आकाराहून थोडी अधिक फाकतात आणि मग मिटत मिटत कपाच्या कानावर नेमकी येतात. फ्रेंच मज्जाशास्त्रज्ञ मार्क झानरो यांनी १९८०च्या दशकात हे मोजून दाखविले. वस्तू जितकी मोठी, तितकी बोटांची फाक मोठी. स्पर्शापूर्वीच डोळ्यांनी हाताला माप कळविलेले असते.

मात्र वस्तू ओळखणे आणि ती उचलण्यासाठी हाताला माप देणे, ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. ‘डी. एफ.’ या आद्याक्षरांनी वैद्यकीय वाङ्मयात परिचित असलेल्या रुग्णेला १९८८ मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेनंतर आकार ओळखता येईनात. समोरची फट उभी की तिरपी, हे तिला सांगता येत नसे. तरीही हातातले कार्ड ती योग्य कोनात वळवून त्या फटीत अलगद सरकवी. गुडेल, मिल्नर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. ओळखीचा मार्ग टेम्पोरल लोबकडे, तर कृतीचा मार्ग पॅरायटल लोबकडे जातो, असे त्यांनी पुढे मांडले. हे दोन मार्ग परस्परांशी सतत संवाद साधतात, हेही आता मान्य झाले आहे.

याच्या उलट स्थिती हंगेरीच्या रेझो बालिंट यांनी १९०९ मध्येच वर्णिली होती. रुग्ण वस्तू पाहतो, तिचे नाव सांगतो. पण हात मात्र तिच्या बाजूला पडतो. यालाच ‘ऑप्टिक अटॅक्सिया’ म्हणतात.

मला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो या दुसऱ्या गटातील रुग्णांमुळे. तक्त्यावरची अक्षरे त्यांना वाचता येतात, हातात ताकद असते. तरी पाण्याचा पेला कलंडतो. घरचे वेंधळेपणाचा दोष देतात आणि चष्म्याचा नंबर पुन्हा पुन्हा तपासला जातो. अशा वेळी मी एक साधी चाचणी करतो. रुग्णाची नजर माझ्या नाकावर खिळवून बाजूला पेन धरतो. आधी नाव विचारतो, मग एकेका हाताने ते पकडावयास सांगतो. सेरेबेलमच्या विकारात स्वतःच्या नाकाला बोट लावतानाही हात चुकतो. येथे ते सहसा नीट लागते. लक्षण अकस्मात उद्भवले असेल, तर पक्षाघाताच्या शंकेने तातडीने रुग्णालयात पाठवावे. हळूहळू वाढत असेल, तर अल्झायमरच्या दृष्टीसंबंधी प्रकाराचा विचार करावा.

घरच्यांना आपण एवढे तरी सांगू शकतो: पेला गडद रंगाचा, टेबल फिके आणि पेल्याची जागा रोज तीच ठेवा. आणि मुख्य म्हणजे, पाणी सांडले म्हणून त्यांना रागावू नका.