पुस्तकांचा भार पेलणारे कपाट
दिल्लीत कीर्तिनगरच्या फर्निचर बाजारातून पुस्तकांचे कपाट बनवून घेताना फळीच्या जाडीइतकाच तिच्या गाळ्याचा, म्हणजे दोन आधारांमधील अंतराचा, विचार करावा लागतो; कारण मीटरभर ओळीतील पुस्तकांचे वजन सहज 25 ते 30 किलो भरते. मीटरमागे भार तोच असताना गाळा दुप्पट केल्यास फळीचा झोल, म्हणजे मधोमध येणारा बाक, सोळापट होतो, तर जाडी दुप्पट केल्यास तो एक अष्टमांशावर येतो. म्हणून 19 मिलिमीटर प्लायवुडच्या फळीचा गाळा 75 सेंटिमीटरच्या आत ठेवणे इष्ट. पावसाळी ओल टाळण्यासाठी कपाट भिंतीपासून बोटभर सुटे ठेवावे; मात्र दिल्ली भूकंपप्रवण असल्याने उंच कपाटाचा माथा लोखंडी पट्टीने भिंतीला जखडावा.